चिखलदरा फक्त पावसाळ्यातच? बाराही महिने कसं पाहायचं ते सांगतो

आर्वीच्या एका ताईंनी विचारलं आहे. घरचे पाच जण, नवरा-बायको, 9 आणि 13 वर्षांची दोन लेकरं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. चिखलदऱ्याला जायचं म्हणतात पण ज्याला विचारलं तो सांगतो की पावसाळा गेला की तिथं काही नसते, पॉइंट तं दोन तासात होऊन जातात, मुक्काम काऊन करता? तं डिसेंबरच्या सुट्टीत आलं तर चालेल का, आणि लेकरांना जरा धाडसाचं, दमवणारं काही करायला मिळेल का, असा प्रश्न आहे.

ताई, चालेल काय म्हणता, डिसेंबरातच या. मी परतवाड्याचा, शाळेची पोरं आणि हौशी मंडळी घेऊन या डोंगरात वर्षानुवर्षं फिरतो, आणि दरवेळी एकच गोष्ट सांगतो की चिखलदऱ्याला पॉइंट मोजायला येऊ नका, ऋतू पाहून या आणि निदान दोन रात्री राहा. दोन तासात जे होतं ते म्हणजे गाडीतून उतरणं, रेलिंगला टेकून फोटो काढणं, कणीस खाणं आणि परत गाडीत बसणं, त्याच्यात डोंगर कुठून दिसणार बाप्पा.

आधी जागा समजून घ्या म्हणजे बाकीचं आपोआप समजते. विदर्भात थंड हवेचं ठिकाण हे एकच, उंची साधारण 1100 मीटर, आणि जवळचं वैराट हे मेळघाटातलं सगळ्यात उंच टोक, 1178 मीटर. हा सातपुडा आहे, सह्याद्री नाही. दक्षिणेकडं उभा कडा तुटतो आणि खाली वऱ्हाडाचं सपाट कपाशीचं रान दिसते, रात्री अचलपूर-परतवाड्याचे दिवे दिसतात. उत्तरेकडं मात्र डोंगर हळूहळू उतरत जाते, घाटामागून घाट, आणि त्यातून खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार अशा पाच नद्या तापीकडं जातात. म्हणजे एकाच गावातून एका अंगाला कडे आणि दऱ्या, दुसऱ्या अंगाला सागवानाचं जंगल. हे जंगल 1974 ला व्याघ्र प्रकल्प झालं, देशातले जे पहिले 9 प्रकल्प होते त्यातला हा एक, आणि आजचा पसारा 2700 चौरस किलोमीटरच्या वर आहे. एवढं सगळं असताना लोक सनसेट पॉइंट पाहून परत जातात याचं मला खरंच वाईट वाटते.

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांना माहीतच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ढग रस्त्यावर उतरतात, भीमकुंडाचा धबधबा कोसळतो, कालापाणी आणि शक्कर तलाव भरतात, सगळं हिरवंगार. पण शनिवार-रविवारी अमरावती, अकोला, नागपूर सगळं एकदम वर येते आणि घाटात गाड्या तासन् तास अडकतात. आणि धुकं असं की हरिकेन पॉइंटला जाऊन कित्येकांना पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. पावसाळ्यात यायचं तं सोमवार ते गुरुवार या, आणि धबधब्याच्या काठावर शेवाळलेल्या दगडावर लेकरांना बिलकुल जाऊ देऊ नका, सेल्फीच्या नादात जीव जातो. रेलिंगच्या आत उभं राहून भीमकुंड पुरेपूर दिसते.

आता तुमचा डिसेंबर. ऑक्टोबर संपला की हवा धुतल्यासारखी साफ होते, दरीचा तळ दिसतो, गवत पिवळं पडायला लागते आणि पायवाटा मोकळ्या होतात. चालण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारीसारखा काळ नाही. रात्री थंडी कडक पडते, पारा एक आकडी होतो, तेव्हा आपल्या आर्वीच्या थंडीच्या हिशोबानं कपडे आणू नका, सासूबाईंना कानटोपी, मोजे आणि शाल पायजेच. कॉफीची लाल फळं पाहायची तं तीही याच दिवसात. हो, कॉफी! महाराष्ट्रात कॉफी म्हटलं की चिखलदऱ्याचंच नाव येते. इंग्रजांच्या काळात इथं लावली, मोठ्या झाडांच्या सावलीत झुडपं उभी असतात, पंचबोल पॉइंटच्या बाजूला जाताना दिसतील. लेकरांना फळ फोडून आतल्या दोन बिया दाखवा, मात्र मालकाला विचारून. मोथा आणि आमझरीकडं शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरी लावली आहे, हिवाळ्यात रस्त्यालाच विकायला बसतात. आमझरीला झिपलाइन वगैरे साहसी खेळही आहेत, 13 वर्षांच्या मोठ्याला आवडेल. बसवायच्या आधी हार्नेस, हेल्मेट आणि वजनाची अट स्वतः पाहून घ्या, तिथल्या पोरांना विचारायला लाजू नका.

पण खरं धाडस पाहिजे तं गाविलगड. चिखलदऱ्याला येऊन गाविलगड न चढता गेलेल्या माणसाला मी तं चिखलदरा पाहिलं असं म्हणतच नाही. गावापासून जवळच आहे, वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडायची आणि आत चालत सुटायचं. चढ फार नाही कारण गाव आणि किल्ला जवळपास एकाच उंचीवर आहेत, पण पसारा इतका मोठा की सकाळी सातला निघालं तं दुपार सहज होते. प्लास्टिकच्या बाटल्या परत आणायच्या, पाणी मात्र माणशी दोन लिटर घ्यायचं, आत काही मिळत नाही. वाट दाखवणारा स्थानिक गाइड घ्याच. आत गवत डोक्याएवढं वाढते, पडक्या विहिरी आणि तटाच्या फटी झाकल्या जातात, आणि हा भाग व्याघ्र प्रकल्पात येते, अस्वल आणि बिबट्या दोन्ही आहेत.

लेकरांना तिथं काय दाखवायचं ते सांगतो. शार्दूल दरवाजासमोर पाच मिनिटं नुसतं उभं करा आणि म्हणा, हत्ती शोधा. कमानीच्या वर दगडात दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी आहे, शार्दूल म्हणजे वाघ-सिंहासारखे काल्पनिक प्राणी आहेत, आणि त्यांच्या चोचीत, पंज्यात बारके बारके हत्ती धरलेले आहेत. पोरं एकदा मोजायला लागली की मंग जागची हलत नाहीत. हा सत्तेचा जाहीरनामा होता, आम्ही हत्तीवाल्यांनाही असं धरतो म्हणून. किल्ल्याला आजचं रूप बहमनी काळात यायला लागलं, 1425 च्या सुमारास अहमदशहा बहमनीनं मोठं बांधकाम केलं, पुढं फतेहउल्ला इमादुलमुल्कानं 1490 ला वऱ्हाडची इमादशाही उभी केली तेव्हा अचलपूर राजधानी आणि गाविलगड पाठीशी. शेवटी हा नागपूरच्या भोसल्यांकडं होता.

आणि आता तुमच्या 13 वर्षांच्या मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकातलं. 1803 चं दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. आडगावची लढाई 29 नोव्हेंबरला झाली, त्यानंतर आर्थर वेलस्ली, तोच जो पुढं वॉटर्लूला नेपोलियनच्या विरोधात जिंकला, तो गाविलगडावर चालून आला. दक्षिणेच्या कड्यावरून चढणं अशक्य. म्हणून त्याच्यासोबतचा इंग्रज सेनापती स्टीव्हन्सन, त्याच्या फौजेनं तोफा डोंगराच्या आडव्यातिडव्या वाटेनं ओढत ओढत उत्तरेला नेल्या, कारण डोंगराच्या मुख्य सोंडेला किल्ला जोडलेला आहे तो फक्त त्या बाजूनं. 15 डिसेंबर 1803 ला बाहेरचा तट फुटला. पण आत शिरल्यावर पुढं खोल दरी आणि पलीकडं दुसरा तट! तिथं एका तुकडीनं शिड्या लावून आतला तट चढला, दार उघडलं, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि किल्ला गेला. दोनच दिवसांनी, 17 डिसेंबरला, भोसल्यांचा देवगावचा तह, आणि 30 डिसेंबरला शिंद्यांचा सुर्जी-अंजनगावचा. देवगाव, अंजनगाव, दोन्ही इथंच खाली. तुम्ही डिसेंबरात येणार म्हणजे जवळपास त्याच तारखांना, त्याच उन्हात, त्याच गवतात उभे असाल. मी पोरांना बाहेरच्या आणि आतल्या तटाच्या मधल्या दरीवर उभं करतो आणि विचारतो, आता तू वेलस्ली असता तं काय केलं असतं, मंग जे वाद रंगतात ते वर्गात कधी रंगत नाहीत.

सासूबाईंना गाविलगड नको. त्यांच्यासाठी देवी पॉइंट, पण तिथं थोड्या पायऱ्या उतराव्या लागतात, हात धरून हळूहळू न्या. कड्याखालच्या कपारीत देवीचं ठाणं आहे, वरून खडकातून पाणी झिरपत असते, चंद्रभागा नदी इथूनच निघते. पंचबोलला जास्त चालावं लागत नाही, आवाज दिला की दरीतून परत येते, लेकरं आणि आजी दोघंही खूश. आणि त्या दिवशी बाकीचे किल्ल्यावर असतील तोवर त्यांनी बाजारात बसावं हे उत्तम.

गाव हाच इथला अर्धा आनंद आहे. 2011 च्या जनगणनेत पाच हजारांच्या आसपास वस्ती, नगरपरिषद आहे पण खेड्यासारखं सगळे एकमेकांना ओळखतात. सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात चहा घेत बसा, दुधाचे कॅन घेऊन आलेले गवळी, बाजाराला आलेले कोरकू लोक, शाळेत निघालेली पोरं, सगळं समोरून जाते. गवळ्यांच्या वस्तीत खवा आटवताना नक्की पाहा. मोठी लोखंडी कढई, खाली लाकडाचा जाळ, आणि माणूस उलथण्यानं तळ खरवडत हात थांबू देत नाही, कारण क्षणभर थांबला तं करपते. दूध आधी उकळते, मंग दाटते, मंग बुडबुडे जड होऊन फुटायला लागतात, शेवटी गोळा कडेनं सुटतो आणि त्याला धुराचा हलका वास राहते. गरम खवा, वर साखर, बस्स. रबडीही इथली चांगली. मॅगी सगळीकडंच मिळते, इथं येऊन ती खाऊ नका, कोणा घरगुती खानावळीत आधी सांगून ज्वारीची भाकर, ठेचा आणि पिठलं करून घ्या.

आता एक दिवस जंगलासाठी ठेवा, सेमाडोह-कोलकासकडं. सफारीचं आणि विश्रामगृहाचं बुकिंग वनखात्याच्या वेबसाइटवर होते, डिसेंबरच्या सुट्टीचं लवकर भरते. वाघाबद्दल स्पष्ट सांगतो, मेळघाटात वाघ आहेत पण डोंगराळ रान आणि दाट सागवान, ताडोबासारखे ते रस्त्यावर येऊन बसत नाहीत. वाघच पाहायचा तं ताडोबाला जा. मेळघाटात गवे पाहा, सांबर पाहा, सिपनेच्या पात्रातले खडक पाहा, कोलकासच्या विश्रामगृहाजवळून नदी जे वळण घेते ते सासूबाईंना खुर्चीत बसून तासभर पाहता येते.

आणि रानपिंगळा पाहा! हा छोटासा घुबडाच्या जातीचा पक्षी, जेमतेम वीतभर, 1884 नंतर कोणाला खात्रीनं दिसलाच नव्हता, जगानं नामशेष मानला होता, आणि 1997 ला नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला. पुढं मेळघाटातही आढळला आणि आज मेळघाट हे त्याचं फार महत्त्वाचं घर आहे. बाकी घुबडांसारखा रात्रीचा नाही, दिवसा सागाच्या उघड्या फांदीवर उन्हात बसलेला असते, शेपटी झटकते. कोणी गाइड मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावतो म्हणाला तं सरळ नाही म्हणा. नराला वाटते आपल्या हद्दीत दुसरा आला, तो शिकार सोडून भांडायला धावते, विणीच्या दिवसात तं पिल्लं उपाशी राहतात. शांत उभं राहून वाट पाहिली तं दिसते, नाही दिसला तं नाही.

एकदा आवडलं की मंग फेब्रुवारी-मार्चला पुन्हा या. पळस पेटलेला असते, सागाची पानं गळून रान उघडं पडते म्हणून पक्षी-प्राणी जास्त दिसतात, आणि होळी. कोरकू लोकांची सगळ्यात मोठी वेळ होळीची, कामासाठी बाहेर गेलेली माणसं कुठूनही घरी येतात, आधीचा बाजार पाहण्यासारखा असते, ढोल-बासरीवर रात्रभर नाच चालते आणि चार-पाच दिवस चालते. रस्त्यात गाडी अडवून फगवा मागतात, घाबरू नका, तो मान आहे, दहा-वीस रुपये हसत द्या. फोटो विचारून काढा, बायकांचे तं विचारल्याशिवाय नाहीच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली जाऊन पाहा, रात्रभर टपटप पडलेली फुलं मेणासारखी पांढरट-पिवळी, अख्खं घर टोपल्या घेऊन वेचत असते, ऊन चढायच्या आत. ही त्यांची वर्षाची कमाई आहे, म्हणून त्या सड्यावर पाय देऊ नका. आणि तिथं एकट्यानं जाऊ नका, अस्वलालाही मोह तेवढाच आवडते.

उन्हाळ्यात खाली परतवाड्यात 44-45 डिग्री असताना वर सकाळ-संध्याकाळ सुसह्य असते पण दुपार तापतेच आणि गावात पाण्याची टंचाई असते. तेव्हा आलात तं हॉटेलात बादलीभर पाण्यात आंघोळ करा, गावातल्या बायका टँकरची वाट पाहत असतात. बुद्ध पौर्णिमेला वनखातं मचाणावर रात्रभर बसून पाणवठ्यावरचे प्राणी पाहू देते, त्याची नोंदणी आधी करावी लागते, लेकरं थोडी मोठी झाली की जरूर करा.

रस्त्याचं. अमरावतीहून परतवाडा साधारण 50 किलोमीटर, परतवाड्याहून वर 30 च्या आसपास. वाटेत वलगावला पेढी नदीचा पूल लागते, इथंच 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला, दोन मिनिटं थांबा. पेट्रोल आणि रोख पैसे परतवाड्यातच घ्या. वर जायला धामणगाव गढी-मोथ्यावरून जवळ पडते, उतरताना घटांगवरून या, रस्ता लांबचा पण जंगलातला. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या जोरावर उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. ज्याला मळमळ होते त्याला पुढं बसवा आणि निघताना पोटभर पोहे खाऊ घालू नका. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा, रात्री रस्त्यावर जनावरं असतात. जंगलात रेंज जाते, घरी आधीच सांगून ठेवा.

तुमच्यासाठी मी असं करीन. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोचून फक्त देवी पॉइंट आणि बाजार, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी गाविलगड, दुपारी आराम, चारला आमझरी. तिसऱ्या दिवशी पहाटे सेमाडोहकडं सफारी, तिथून घटांगवरून खाली परतवाडा, रात्री तिथंच लॉजवर. चौथ्या दिवशी सकाळी मुक्तागिरी, जैनांचं 52 मंदिरांचं तीर्थ, मध्य प्रदेशच्या हद्दीत आहे पण परतवाड्याहून अगदी जवळ. पायऱ्या भरपूर आहेत म्हणून सासूबाईंसाठी डोली मिळते का ते खालीच विचारा, नाही तं त्यांना पायथ्याशी बसवा.

आणि मंग बहिरम. 20 डिसेंबरच्या सुमारास बहिरमची यात्रा सुरू होते आणि जानेवारी संपेपर्यंत चालते, तुमची सुट्टी बरोबर त्यात पडते. इथं पूर्वी पशुबळी चालत, गाडगेबाबांनी त्याच्या विरोधात कीर्तनं केली. आज यात्रा ओळखली जाते ती हंडीतल्या मटणासाठी आणि रोडग्यांसाठी. जाडसर कणकेच्या पाऱ्या एकावर एक, मधे तेल-पीठ लावून, सगळं बाहेरच्या पारीत गुंडाळून गोळा करायचा आणि गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा, राख झटकून फोडला की आतून पापुद्रे सुटतात, त्यावर तूप. मांसाहार नसेल तं वांग्याची भाजी आणि रोडगे, तेही तेवढंच भारी. दुपारी दोनपर्यंत जेवण आटपा आणि चांदूर बाजार, मोर्शी, आष्टी करत निघा, दिवस मावळायच्या सुमारास आर्वीत असाल.